माझ्या घोडीचं खोगीर नेणाऱ्यास

पत्राच्या वरती सा. न. वि. वि. लिहायची रीत आहे. तुला नमस्कार घालायला माझे हात जुळत नाहीत, आणि विनंती विशेष काय आहे ते शेवटी सांगेन. तोवर सरळ बोलतो.

चैत्रातल्या यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी पावणेदोनच्या सुमाराला तू घाटामागच्या शेतात उभ्या असलेल्या आमच्या पिकअपमध्ये चढलास. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा यात काही दोष नाही, त्यांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं होतं. हौद्यात ताडपत्रीखाली खोगीर होतं, तंग आणि रिकिबींसकट. शेजारी लगाम, खरारा आणि तोबरा. खरारा आणि तोबरा तू जागेवर ठेवलास. खोगीर, लगाम आणि आकड्याला अडकवलेली माझी कापडी पिशवी नेलीस. पिशवीत मोबाइल, कंपनीचा पास आणि २,३०० रुपये होते. पैशांबद्दल मी कुणापाशी बोललो नाही. पैसे मलाही लागतात, तुलाही लागत असतील. खोगिराबद्दल मात्र बोलणार आहे आणि ते तुला ऐकून घ्यावं लागेल.

वेळ तू नेमकी धरलीस. आमच्या खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात गाडा कसा पळतो हे माहीत असल्याशिवाय अशी वेळ साधत नाही. म्हणजे तू लांबचा नाहीस. गाड्याला चार बैल, दोन जुकाटाला आणि दोन धुरेला. गाड्यात माणूस बसत नाही. बैलांच्या पुढं घोडी पळते, घोडीवर माणूस असतो, आणि तिच्या मागं बैल घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी, चढतात. निशाण पडलं की अकरा-बारा सेकंदांत सगळं संपतं. तेवढ्या वेळात घाटाच्या दोन्ही अंगांना उभी असलेली हजारो माणसं एकाच दिशेला बघत असतात. चहावाला किटली खाली ठेवतो, पोलिसाचीही मान वळते. भोंग्यातून ‘भिर्रर्र’ सुरू झालं की कुणाच्या खिशात हात गेला तरी त्याला कळणार नाही. सगळ्या जत्रेची पाठ तेव्हा लावलेल्या वाहनांकडं असते. तू त्या पाठीमागून आलास.

आणि त्या सगळ्या गर्दीत मागं वळून बघायची ज्याला अजिबात मुभा नाही असा एकच माणूस असतो. घोडीवरचा. माझ्या मागं चार बैल सुटलेले होते. घोडी जरा बिचकली, मी जरा मान वळवली, तर ती चार जनावरं आणि तो गाडा आमच्या अंगावरून जातो. घाटात पडलेली माणसं मी पाहिली आहेत. मी जीव मुठीत धरून पुढं बघत होतो आणि तू निवांत तंगाची बक्कलं सोडवून घेत होतास. मला राग चोरीचा आहेच. त्याहून जास्त राग या वेळेचा आहे.

आता तू काय नेलंस ते सांगतो, कारण तुला ते ठाऊक नाही.

बारीला, म्हणजे घाटातल्या धावेला, मी खोगीर घालत नाही. पातळ गादी आणि एक पट्टा, त्यावर बसतो. घोडीच्या अंगावर वजन कमी तेवढं बरं. खोगीर लागतं संध्याकाळी देवाच्या छबिन्याला, आणि चैत्र-वैशाखात लग्नाच्या वरातीला. हे खोगीर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुण्यात लष्कर भागातल्या एका कारागिराकडून करून घेतलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी. चामडं मूळचं तांबूस. आता बसायच्या जागी काळं पडलंय आणि कडेला अजून तांबूस आहे. डाव्या रिकिबीची पितळी कडी एकदा तुटली होती, तिला आबांनी तांब्याची तार गुंडाळून डाग दिलाय. बोट फिरवलं तर तो डाग खडबडीत लागतो. उचलून उलटं केलंस तर खालच्या नमद्यावर उजव्या बाजूला तळहाताएवढा खड्डा दिसेल. आबा एका पायानं किंचित लंगडत, म्हणून खोगिरात उजवीकडं कलून बसत. चाळीस वर्षांत त्यांचं वजन तिथं बसलं. आणि पुढच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, तापलेल्या दाभणानं कोरलेली दोन अक्षरं आहेत. ती कोणती हे मी इथं लिहिणार नाही. माल सापडला तर ओळख पटवायला मला तीच उपयोगी पडणार आहेत.

या खोगिरानं घाटांची बंदीही पाहिली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला तमिळनाडूच्या जल्लिकट्टूचा होता, पण त्यात आमचे घाटही बंद झाले. २०१७ साली राज्यानं कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायदा कायम केला. या तारखा आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ आहेत. मधली साडेसात वर्षं घाटात गवत उगवलं. बैल विकले गेले. घोड्या तर त्याच्याही आधी गेल्या, कारण घोडी नांगराला चालत नाही आणि दूध देत नाही. तिला नुसतं प्रेमापोटी पोसावं लागतं. आमच्या भागातल्या जमिनी कंपन्यांना गेल्या, गायरानं आटली, कडबा विकत आणायची वेळ आली. तरी आबांनी घोडी ठेवली. दर अमावास्येला ते खोगीर अंगणात काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, सावलीत वाळवायचे आणि मग बोटांनी एरंडेल चोळायचे. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. घाट सुरू झाल्यावर चामडं तडकलेलं असलं तर काय करशील, असं त्यांनी मलाच विचारलं.

२०२२ च्या फेब्रुवारीत खासदार अमोल कोल्हे निमगाव दावडीच्या घाटात घोडीवर बसून बारीपुढं पळाले. ते तू मोबाइलवर बघितलं असशीलच, सगळ्या राज्यानं बघितलं. गाड्यापुढं घोडी असते हे पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आबांना ते बघायला मिळालं नाही. ते २०२० च्या श्रावणात गेले. त्यांनी घाटासाठी राखलेलं खोगीर घाटावर परत आलं, आणि तिथूनच तू ते नेलंस.

तुला वाटलं असेल, जुनं चामडं आहे, नवीन घेईल. घेतलं. तयार मिळालं तसं एक नवीन खोगीर आणलं आणि वैशाखातल्या एका वरातीला काजळच्या पाठीवर घातलं. काजळ म्हणजे घोडी. अंगानं काळी, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. दोन तास ती कान मागं टाकून चालली. वाजंत्र्यांच्या आवाजामुळं असेल असं मला वाटलं. घरी येऊन खोगीर उतरवलं तर खांद्यामागचा उंचवटा दोन्ही अंगांनी सुजलेला. सकाळी कातडी सोलून ओलं लाल मांस दिसायला लागलं. पाठ लागली. घोडा पाळणाऱ्या माणसाला हे दोन शब्द ऐकले की धस्स होतं. पाठ लागलेल्या जनावरावर गादीसुद्धा टाकता येत नाही. रोज मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचं, माशा बसू द्यायच्या नाहीत, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं आणि वाट बघायची. पुढच्या दोन्ही यात्रांचं टोकन आमच्या गाडामालकाकडं होतं. त्यानं दुसरी घोडी शोधली. तो मला काही बोलला नाही. पण चूक माझी होती आणि मी ती मान्य केली. खोगीर एका पाठीचं असतं, दुसरीवर ते तपासून, भर घालून, हळूहळू बसवावं लागतं, हे मला आबांनी लहानपणी शिकवलं होतं आणि वरातीच्या घाईत मी ते केलं नाही. त्या जखमेतला माझा वाटा माझा. उरलेला तुझा आहे.

चौकीत गेलो तेव्हा आधी सगळं ‘गहाळ’ म्हणून लिहून घ्यायला लागले. गहाळ म्हणजे माझ्या हातून हरवलं. चाळीस वर्षांचं खोगीर कुणाच्या हातून असं वाटेत गळून पडतं का? मी खुर्चीवरून उठलो नाही. चोरी झाली आहे, चोरीच लिहा, असं तीनदा सांगितलं. शेवटी गुन्हा दाखल झाला आणि त्याची प्रत मला मिळाली, ती फुकट मिळते. ज्याचं ज्याचं यात्रेत काही गेलं असेल त्यानं एवढा हट्ट जरूर करावा. गहाळ लिहिलेल्या वस्तूच्या मागं कुणी फिरत नाही.

मोबाइलचं सांगतो. त्याचा १५ आकडी क्रमांक मी खोक्यावरून लिहून ठेवला होता. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो टाकून मोबाइल बंद करून घेतला. २०२३ च्या मे महिन्यापासून ही सोय देशभर आहे. तुझ्या हातात आता काचेचा तुकडा आहे. कंपनीचा पासही रद्द झाला. त्या पिशवीतलं तुला काही लागू पडलं असेल तर २,३०० रुपये, आणि ते केव्हाच संपले असतील.

मोबाइलला क्रमांक असतो, गाडीला असतो, बैलाच्या कानातसुद्धा बिल्ला असतो. खोगिराला काय असतं? परदेशात उड्यांच्या स्पर्धांना जाणारे लोक काही लाखांची खोगिरं वापरतात आणि इंग्लंडात त्यावर घराचा पिनकोड ठसवून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे चोरीचा माल विकायला गेलं की लगेच कळतं. आबांची दोन अक्षरं त्याच जातीची. पण त्यांचा फोटो मी कधी काढून ठेवला नव्हता. चार हजार फोटो होते त्या मोबाइलमध्ये, काजळचे, गाड्याचे, भंडारा उधळलेल्या पोरांचे. खोगीर उलटं करून काढलेला एकही नाही. चौकीत ते कसं दिसतं हे मी हातवारे करून सांगत होतो.

मग तुला शोधत फिरलो. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार. चाकणला दर शनिवारी. पहिल्या पाळीचा आठवडा असला की कंपनीतून सुटून तसाच बाजारात. बैल बांधलेल्या रांगांच्या कडेला कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकणारे बसतात, त्यांच्यापाशी उकिडवा बसून प्रत्येक चामडी वस्तू हातात घेऊन बघितली. एका म्हाताऱ्या दोरवाल्यानं तिसऱ्या शनिवारी ओळखलं आणि चहा पाजला. म्हणाला, तुझ्या बापाला बघितलंय मी, उजवीकडं कलून बसायचा. असं खोगीर माझ्याकडं आलं तर मी ते आणणाऱ्याला बसवून ठेवीन आणि तुला निरोप धाडीन. त्या माणसाचं माझं नातं काही नाही, त्यानं माझं नावसुद्धा विचारलं नाही.

यात्रेत असंच असायचं रे. बैलांच्या झुली कुंपणावर वाळत पडलेल्या असायच्या. कुणाची भाकरीची चवड कुणाच्या टपावर असायची. गाडामालकाच्या पाकिटापासून बायकांच्या पाटल्यांपर्यंत सगळं एका म्हातारीच्या मांडीवरच्या पिशवीत ठेवून लोक घाटावर जायचे. चोऱ्या तेव्हाही व्हायच्या, नाही असं म्हणत नाही. पण आलेला माणूस कुणाचा कोण हे चार जणांना ठाऊक असायचं. आता चिखलीच्या शर्यतीला २०२२ साली जेसीबी आणि बोलेरो बक्षिसाला लागली, सातारा-सांगलीपासून माणसं येतात, आणि ती यावीत, घाट भरलेला बघून मला आनंदच होतो. त्याच गर्दीत तू मिसळून येतोस. कपाळाला भंडारा लावून येतोस, म्हणजे कुणी हटकणार नाही.

मी निघोज्याच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहे. आमच्याकडं हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक पान्याची, पकडीची बाह्याकृती त्या फळ्यावर रंगवलेली असते. पाळी सुटताना एक नजर टाकली की कुठली जागा रिकामी आहे ते दिसतं, आणि ती भरल्याशिवाय कुणी दारातून बाहेर जात नाही. तुझ्यामुळं मी पिकअपच्या हौद्यात तसा फळा बसवला. लगामाची आकृती, तंगाची आकृती, खराऱ्याची, मोहरकीची, नाल काढायच्या सांडशीची. पिवळ्या रंगात. खाली लोखंडी पेटी हौद्याच्या पत्र्याला आतून बोल्ट मारून बसवली, कुलूप कोयंड्याच्या आत जाईल असं, म्हणजे पहारीला जागा मिळत नाही. प्रत्येक वस्तूचा सरळ आणि उलटा फोटो काढून तिघांच्या मोबाइलवर ठेवला. पिकअप आता घाटामागं लावत नाही, घाटाच्या तोंडाशी लावतो, तोंड रस्त्याकडं आणि फाळका भिंतीला टेकवून. बाकीच्या घोडीवाल्यांना मी हे सगळं दाखवलं. तिघांनी तसंच करून घेतलंय.

आणि एक माणूस गाडीपाशी बसवतो. तो माणूस म्हणजे माझा भाचा. आठवीत आहे. त्याच्याकडं एक सेकंद-घड्याळ आहे, मामाच्या बारीची वेळ त्यानं स्वतः मोजायची असं ठरलेलं. दोन वर्षं तो घाटाच्या वरच्या टोकाला उभा राहून मोजायचा आणि निवेदकाच्या आधी ओरडायचा. बहुतेकदा बरोबर यायचं, पॉइंटपुढच्या आकड्याचा फरक पडायचा. आता तो पेटीवर बसतो, पाठ घाटाकडं आणि तोंड शेताकडं, कारण ज्या बाजूनं तू आलास त्या बाजूला बघायचं असतं. गेल्या बारीला मी वरून परत आलो तर तो तसाच बसलेला. हातात घड्याळ होतं, चालू केलेलं. भोंग्यातल्या आवाजावरून मोजायचा प्रयत्न केला, म्हणाला, पण मामा, बंद कधी करायचं ते कळेना.

त्याची बदली करतो आता, एका बारीला तो, एका बारीला दुसरा कुणी. पण हे ओझं कुणाच्या तरी गळ्यात पडणारच. त्या अकरा-बारा सेकंदांसाठी माणूस वर्षभर राबतो, रात्रपाळी करून पहाटे घोडी फिरवायला नेतो, आणि आता आमच्यातल्या एकाला दर वेळी त्याकडं पाठ करून बसावं लागतं. हे तू कुठल्या बाजारात विकलंस?

आता विनंती विशेष. नव्या न्याय संहितेच्या ३०३ कलमाखाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. त्या खोगिराची बाजारातली किंमत ५,००० च्या आतच धरतील, हे चौकीत मला सांगितलं तेव्हा वाईट वाटलं होतं. तुझ्या दृष्टीनं ते कदाचित बरं असेल. आणि तू ते कुणाला विकलं असशील तर त्यालाही सांग, चोरीचा माल ठाऊक असून ठेवणं हाही गुन्हा आहे.

चौकीत जायची हिंमत नसेल तर शनिवारी चाकणला ये. दोरवाल्यांची रांग संपते तिथं एक कडुनिंब आहे, त्याच्या बुंध्याशी ठेव आणि जा. तिथं कुणीही ते ओळखेल आणि मला निरोप येईल. लगाम ठेव तुझ्याकडं हवा असेल तर.

तोवर ते कुठं ठेवलं आहेस ते बघ. प्लास्टिकच्या गोणीत बांधलं असशील तर आजच सोड. पावसाळ्यात चामड्याला आत बुरशी धरते आणि शिवण सुटते. उन्हात टाकू नको, सावलीत आडव्या बांबूवर उपडं न घालता ठेव. महिन्यातून एकदा एरंडेल, फार थोडं, बोटांनी, फडक्यानं नाही. डाव्या रिकिबीवर जोर देऊन चढू नको, तो डाग आता जुना झालाय.

आणि कुणाच्या घोड्यावर ते घातलं जात असेल तर नमद्याचा उजवा खड्डा आधी भरून घ्यायला सांग. तसंच घातलं तर त्या जनावराच्या उजव्या खांद्यामागं आठ दिवसांत गाठ येईल. हात फिरवून बघ. गरम लागलं तर खोगीर उतरव, त्याला चालवू नको.